मुलगी बघायला निघालेली दाढी

लासलगावच्या कांदा मार्केटबाहेर एक ट्रकवाला आपल्याच ट्रकच्या आरशात बघून दाढी करत होता. चहाच्या टपरीवरचं गरम पाणी, ढीगभर फेस आणि जुना सेफ्टी रेझर. तो रेझर अजिबात न दाबता, नुसत्या वजनाने त्याने एकदाच गालांवरून खाली उतरवला आणि तोंड धुतलं. स्वारी मुलगी बघायला निघाली होती.

मला राहवेना. "अहो, खालून वर उलटा हातही मारा की! गाल एकदम गुळगुळीत होतील."

"आज गुळगुळीत दाखवले, तर जल्मभर तसेच ठेवावे लागतील, भाऊ," तो म्हणाला. "त्यापेक्षा काय माल हाय, ते तिला आजच बघू दे."

मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा शहाण्यासारखा उलटे-सुलटे दोन्ही हात मारून गेलो होतो. लग्नाला बरीच वर्षं झाली. गालांची आग अजून रोज सकाळी होते.