कान झाकून पाहा

कोणी पेशंटला काही ठासून सांगायला लागलं की ताई सांगणाऱ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवायच्या. मग हळूच म्हणायच्या, "आपण नाही सांगाचं. त्याले पाहू द्या."

तालुक्याच्या दवाखान्यात त्या समुपदेशक होत्या. मी मेडशीची आशा सेविका. गावात कोणाचं मन बिघडलं की ताईंना त्याच्या घरी घेऊन यायचं काम माझं. तुम्ही पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाई तुरीच्या शेंगा खायलाच आल्यात. आधी शेंगा, मग पिकाची चौकशी, आजाराचं नाव शेवटपर्यंत नाही. मला रागच यायचा.

प्रल्हादभाऊला शेजारच्या वावरातून शिव्या ऐकू यायच्या. शेजारी बिचारा त्याच्याशी बोलतही नव्हता. "कोणी बोलत नाही" असं सांगून सांगून घरचे थकले, तर तो त्यांनाही शेजाऱ्याला सामील समजू लागला. दवाखान्यातून दिलेल्या गोळ्या उकिरड्यावर जायच्या. एकदा तो दगड घेऊन शेजाऱ्यावर धावला, तेव्हा बायकोने लेकरांचे कपडे पिशवीत भरले. ती माहेरी निघाली आणि मी ताईंना घेऊन पोचले.

ताई त्याच्यासोबत वावराच्या बांधावर, धुऱ्यावर बसल्या. शेजारच्या विहिरीवर मोटार चालू होती. काय ऐकू येतं, त्यांनी विचारलं. मोटार, आणि शिव्या, तो म्हणाला. ताईंनी त्याला खोटं पाडलं नाही. स्वतःच्या कानांवर तळवे दाबले, त्यालाही दाबायला लावले. मग विचारलं, मोटार कमी झाली का? झाली होती.

"अन् शिव्या?"

त्याने पुन्हा कान दाबले. सोडले, परत दाबले.

"त्या तशाच हायेत. मंग हे कोण बोलून राह्यलं, ताई?"

त्याचा चेहरा पाहून मला रडू आलं. ताईंनी त्याचा हात धरला. "तेच आपल्याले पाहाचं हाये. मी हावो संगं."

बायकोने पिशवी खाली ठेवली. गोळी काही त्याने त्या दिवशी घेतली नाही. त्यासाठी ताईंना बऱ्याच खेपा माराव्या लागल्या.

पुढे त्यांची बदली झाली. यंदा सोयाबीन काढताना मळणीयंत्र बंद पडलं आणि प्रल्हादभाऊ एकदम थबकला. त्याने दोन्ही कान झाकले. त्याची बायको अन् मी, दोघी घाबरलो. मग हात खाली घेऊन तो तिला म्हणाला, "सोंगणीच्या घाईत गोळ्या राह्यल्या वाटते माह्या."

गोळी घेऊन तो माझ्याकडे वळला.

"ताईले सांगजा, मीच पाह्यलं."

ताई आता कुठे आहेत, मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.