दोन बर्नरचं विमान

इस्लामपूरच्या स्टँडसमोर चहाचा गाडा लावणारे मामा पूर्वी हवाई दलात इंजिनं दुरुस्त करायचे. नवं गिऱ्हाईक आलं, की त्यांच्या शेगडीचे दोन बर्नर म्हणजे विमानाची दोन इंजिनं होतात. डाव्यावर दूध, उजव्यावर चहा.

"उडाल्या उडाल्या एक इंजिन बंद पडलं, तर विमान पाडतं कोण? चालू इंजिन! त्ये एकटंच वढतंया, वेग लय कमी आसतुया, मग विमान मेल्या इंजिनाच्या बाजूला फिरून उलथतं. आन् घाबरलेला मानूस गडबडीत चांगलंच इंजिन बंद करतुया!"

दूध नेमकं याच वाक्याला उतू जातं. मामा झडप घालतात आणि चहाचा बर्नर बंद करतात. गिऱ्हाईक खो खो हसतं.

"हसू नगा. वर आसंच मरत्यात मानसं," शेगडी पुसत मामा म्हणतात.

परवा गाड्यावर मी एकटाच होतो. दूध वर आलं. मामांनी माझ्याशी बोलता बोलता, तिकडं न बघताच डावा बर्नर बंद केला.

"आज चुकला नाहीत, मामा?"

"आवं गुरुजी, चुकून दावाय आज नवं कोन हाय?"