मागची खिडकी
जायफळ किसायला घेतलं की ठाकूरद्वारच्या चाळीतली ती कर्फ्यूची दुपार नाकात भरते. संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर गोळ्या झेलायचे ते दिवस. शेजारचे खलाशी भावोजी रजेवर आले होते आणि ग्रेनाडाहून आणलेली जायफळं त्यांनी आमच्या खोलीत उन्हाला पसरली होती. "तालुक्याहून लहान बेट," ते सांगायचे, "मध्ये हिरवे डोंगर, विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात तळं, आणि पावसाळ्यात वादळं." सकाळपासून पुढच्या रस्त्यावरून येणारा गोळीबाराचा आवाज एकाएकी थांबला. कावळासुद्धा ओरडेना. "संपलं," म्हणत ह्यांनी बाळाच्या दुधासाठी किटली उचलली. मागच्या गल्लीनं जातो म्हणाले. भावोजी दारात आडवे आले. "भायर जाव नको रे. हो वादळाचो डोळो आसा. थंय असोच वारो पडता, लोक फसून भायर येतत, आणि मगे तो उलट्या बाजून येता." हे हसले आणि त्यांच्या हाताखालून निसटून जिना उतरले. भावोजींनी आमची मागची खिडकी लावली, कडी घातली आणि तिला पाठ टेकून उभे राहिले. खोलीत नुसता जायफळाचा वास आणि झोपलेल्या बाळाचा श्वास. मग त्या बंद खिडकीमागूनच आवाज आला. चौघांनी ह्यांना चादरीत घालून वर आणलं, तेव्हा किटली रिकामीच होती. ते बाळ आता आजोबा झालंय. तरी वारा पडला की मी त्याला मागच्या दारानं जाऊ देत नाही.