कुठून आलात, हे न विचारणाऱ्या बाई

बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या त्या मोठ्या मंडपात, दुपारी त्या बाई माझ्याच टेबलावर बसायच्या. आईवडील मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेले, त्या स्वतः तिथल्या प्राध्यापक, कामानिमित्त इथे आलेल्या. लॅटिनो राजकारण आणि स्थलांतराचे कायदे यांच्या अभ्यासात त्यांनी उभी हयात घालवली होती. समोरचा बोलू लागला की त्या कॉफीला हात लावत नसत. ती निवून जायची.

माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज पुन्हा नाकारला गेला, तेव्हा मी वैतागून म्हणालो, "मी इथला नाहीच."

बाईंनी समजूत घातली नाही. म्हणाल्या, "कुठून आलात, हे मी अभ्यासासाठी स्थलांतरितांच्या मुलाखती घेताना कधी विचारत नाही. ते अधिकारी विचारतातच. मी विचारते, इथं कोण आजारी पडलं तर तुम्ही धावत जाता?"

मी टॅम्पिनीसमधल्या आमच्या शेजारच्या चिनी आजींबद्दल सांगायला लागलो. त्या दिवशी माझीही कॉफी निवली.