शिंपीदादांचं मडकं

आमच्या शेजारचे शिंपीदादा जन्मभर लोकांची मापं घेत आले. म्हातारपणी दुकान मुलाकडे गेलं आणि दादांच्या हाती कोंबड्या आल्या. रोज संध्याकाळी खुराडं लावण्याआधी ते एकेकीला काखेत धरून गळ्याखालची पिशवी चाचपत. सुगीत ती सांडलेल्या दाण्यांनी टणक लागे, पावसाळ्यात किडे आणि कोवळ्या गवताने भरलेली. उन्हाळ्यात हाताला नुसती कातडी.

त्या उन्हाळ्यात अंडी बंद झाली. वहिनींनी निकाल दिला, "महिन्याने जावई यायचेत. तोवर अंडं दिसलं तर ऑम्लेट, नाहीतर तुमची लंगडी पातेल्यात."

लंगडी ही दादांची लाडकी कोंबडी. वहिनींशी बोलत नसत एवढं ते तिच्याशी बोलत.

"अगं, नुसत्या दाण्यांवर अंडं कसं येईल? तिला किडे हवेत!"

"मग मी काय आता किडे रांधू?"

दादांनी जुनी युक्ती काढली. मडक्यात ओलं शेण आणि काडीकचरा भरून ते जमिनीवर उपडं घातलं, की वाळवी आत चढते. मडकं ठेवायचं असतं लांब, माळावरच्या वारुळाशी. पण एवढ्या उन्हात जातंय कोण? त्यांनी ते घराच्या मागच्या भिंतीशी, सावलीत घातलं. दुसऱ्याच सकाळी मडकं वाळवीने बुजबुजलेलं.

"बघा बाई, वारुळापाशीही इतकी चढत नाही!" त्यांनी कुंपणावरून मला दाखवलं. मीही कौतुक केलं. ती येते कुठून, हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

लंगडीची चंगळ झाली. तिचा तुरा लाल झाला आणि जावई यायच्या आदल्या दिवशी तिने अंडं घातलं. दादा गल्लीभर सांगत फिरले.

दुसऱ्या दिवशी मलाही चहाला बोलावणं होतं. मागच्या खोलीतली चांगली लाकडी खुर्ची जावईबापूंसाठी बाहेर आली. वहिनी ऑम्लेट घेऊन आल्या, जावई टेकले आणि खुर्चीच्या पायाचा भुगा झाला. जावई जमिनीवर. बशी मात्र वहिनींच्या हातात शाबूत.

तेवढ्यात लंगडी उंबरा ओलांडून आत आली आणि मोडक्या पायातली वाळवी टिपू लागली.

दादा घाईघाईने म्हणाले, "थांब, हाकलतो तिला."

"खबरदार! आधी तिला मागच्या खोलीत सोडा," वहिनी म्हणाल्या. "माझं लग्नातलं कपाट आहे तिथे."

लंगडी पुढे म्हातारी होऊन गेली. कपाट तिच्या आधीच गेलं.