टीव्हीभर ओढलेले सिनेमे

बातमी आली त्या रविवारी मी इकबालभाईंच्या घरी रिमोटवरून वाद घालत होतो. दुपारचे चार वाजले होते, भाभींनी चहा आणून ठेवला होता. टीव्हीवर जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा चालू होता. आडवी ओढली गेल्यामुळे त्यातली सगळी माणसं एकाच खानावळीत जेवणारी वाटत होती. तेवढ्यात मुंबईहून वहिनीचा फोन आला. माझा मोठा भाऊ, ज्याला आमचं सगळं मंडळ दादा म्हणायचं, चार महिने इस्पितळात काढून गेला होता. इकबालभाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि टीव्ही बंद केला. वाद तिथेच राहिला.

वाद नवा नव्हताच. पंधरा वर्षं दर रविवारी कोणाच्या तरी घरी जमून सिनेमा बघायचा आणि दर रविवारी कोणीतरी तो वेडावाकडा लावायचा, म्हटल्यावर किस्से साचणारच. विहिरीत गाळ साचतो तसे ते साचले. दादा गेल्यावर उपसायला बसलो.

दादा रत्नागिरीतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. टॉकीज बंद पडली, दादाचा हट्ट बंद पडला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो, चार भाग रुंद तर तीन भाग उंच. आजचा टीव्ही सोळाला नऊ, म्हणजे चांगलाच आडवा. चौकोनी चित्र आडव्या टीव्हीवर नीट लावलं तर डाव्या-उजव्या बाजूंना काळ्या पट्ट्या राहणार. स्कोपचा सिनेमा टीव्हीपेक्षाही आडवा, म्हणून त्याच्या वर-खाली पट्ट्या राहणार. पट्टी म्हणजे बिघाड नव्हे. तिथे चित्र नाहीच, एवढाच तिचा अर्थ. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पण लोकांना पट्टी खुपते. मग ते बटण दाबून चित्र ओढतात, टीव्ही भरून घेतात आणि समाधानानं मागे टेकून बसतात.

आता, दादाचं हलतं-बोलतं चित्र जगात एकाच ठिकाणी उरलं होतं. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, पंगतीत वाढताना, वीस मिनिटं. जुनी कॅसेट, म्हणजे चारास तीन. ती पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेली होती. मंडळानं ठरवलं की तेराव्यानंतरच्या रविवारी ती बघायची आणि पावसहून आईलाही आणायचं. दहन मुंबईतच झालं होतं, तिला मुलाचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. मी मनाशी एकच ठरवलं. जन्मभर दुसऱ्यांची चित्रं सरळ करत बसलेला माणूस निदान ह्या लोकांच्या हातून ओढला जाऊ नये. त्याचं तोंड होतं तसं दिसलं पाहिजे.

ह्या लोकांचा भरवसा का नव्हता, ते आता सांगतो.

*

टॉकीजमध्ये पडद्याच्या दोन बाजूंना काळे कापडी पडदे असत. जुना चौकोनी सिनेमा लागला की दादा दोरी ओढून ते आत आणायचा, म्हणजे उरलेला पांढरा पडदा झाकला जाई आणि चित्राची कड स्वच्छ दिसे. एकदा शो चालू असताना मालक स्वतः केबिनमध्ये आले. एवढा मोठा पडदा मुंबईहून आणला तो झाकून ठेवायला काय, पब्लिकला वाटेल आपल्याला अर्धाच सिनेमा दाखवला, असं बरंच बोलले. पब्लिकला काय वाटेल ह्याची काळजी असलेल्या मालकांनी खुर्च्यांतले ढेकूण मात्र कधी मनावर घेतले नव्हते.

दादा म्हणाला, "मालक, चित्र एवढंच आहे."

मालकांनी थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. मग खाली जाऊन बुकिंगवाल्याला झापलं, की पुढच्या वेळी सिनेमा नीट मोजून घे.

*

इकबालभाई वीस वर्षं कुवेतला होते. परत आल्यावर त्यांनी भिंतभर टीव्ही घेतला. पहिलाच जुना सिनेमा लावला तर दोन्ही बाजूंना काळं. त्यांनी मेकॅनिक बोलावला. मेकॅनिकनं टीव्हीला कान लावला, खोटं सांगत नाही, कान लावला आणि निदान केलं, "दोन्ही साइडच्या लायटी गेल्यात."

टीव्ही उतरवून टेम्पोतून नेला. चौथ्या दिवशी परत आणून भिंतीवर चढवला आणि बातम्या लावून दाखवल्या. बातम्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेल्या. इकबालभाई इतके खूश झाले की त्यांनी त्याला सुरमईचं जेवण घातलं. रविवारी आम्ही जमलो, जुना सिनेमा लावला, पुन्हा काळं.

मग दादा कागद-पेन्सिल घेऊन बसला. चौकोन काढले, आडवे काढले, एकात एक बसवून दाखवले. अर्धा तास गेला. इकबालभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे दादा, माझा टीव्ही सिनेमापेक्षा मोठा आहे, असंच ना?"

दादानं हो म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढचा महिनाभर इकबालभाई मासळी बाजारात हेच सांगत होते.

*

पाटणकर सरांनी तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. गुणोत्तर-प्रमाण हा त्यांचा हातखंडा विषय. फळ्यावर शिकवताना एवढा नेमका माणूस घरी मात्र प्रत्येक सिनेमा ओढून बघायचा. दादा त्यांना चारास तीन सांगायला गेला की सर त्याला त्रैराशिक शिकवायला लागत.

एका रविवारी पडद्यावर बैलगाडी आली. ओढल्यामुळे चाकं आडव्या अंड्यासारखी झाली होती. दादाला वाटलं, आता सापडले. त्यानं सिनेमा थांबवला, उठून टीव्हीजवळ गेला, चाकाभोवती बोट फिरवलं.

"सर, तुम्हीच सांगा. अशा चाकाची गाडी चालेल काय?"

सरांनी चष्मा पुसला. रिमोट घेऊन सिनेमा पुन्हा चालू केला. गाडी जाऊन वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

"चालली की," म्हणाले.

*

चौथा गडी गावडे. मुंबईत नोकरी करून निवृत्त झाला आणि लांज्याकडच्या गावी येऊन राहिला. मंडळात सर्वांत कमी बोलणारा आणि म्हणून सर्वांत कमी चुकणारा. शिमग्याला त्याच्याकडे पालखी बघायला गेलो होतो. आदल्या रात्रीची पालखी पोरांनी मोबाइलवर शूट केली होती, मोबाइल उभा धरून. अख्खी तरुण पिढी जग उभं धरून बघते, त्याला इलाज नाही. टीव्हीवर ते लावलं की मध्ये एक चिंचोळा पट्टा आणि दोन्हीकडे काळोख, जणू पालखी दाराच्या फटीतून बघतोय.

आम्ही जेवून पडवीत आलो तेव्हा गावडे नि त्याच्या पुतण्यानं टीव्ही भिंतीवरून काढला होता आणि भाताच्या पोत्याला टेकून एका कडेवर उभा केला होता. त्यात मोबाइल कसा जोडला होता कोण जाणे, पालखी टीव्हीभर नाचत होती. सर हसले. इकबालभाई हसले. मीही हसलो. बायाबापड्या मात्र समोर हात जोडून बसल्या होत्या.

दादा हसला नाही. आम्हा तिघांकडे वळून म्हणाला, "शिका जरा. ह्यानं चित्राला हात लावला नाही, टीव्ही फिरवला."

*

दादा मुंबईला ॲडमिट झाल्यावरचा हा रविवार. सरांच्या घरी परदेशी सिनेमा होता, स्कोपचा. ओढलेलं चित्र दादाला चालत नाही, तर त्याच्या मागे तरी त्याचा मान ठेवू, म्हणून सरांनी वर-खालच्या पट्ट्या घालवायला दुसरं बटण शोधलं होतं. झूम. झूम केलं की चित्र ओढलं जात नाही, कापलं जातं. डावी-उजवी कड गेली आणि तळाच्या पट्टीतली भाषांतराची ओळही गेली.

त्यात एक लांबलचक प्रसंग होता. दोन माणसं टेबलाच्या दोन टोकांना बसून बोलत होती. दोघंही कापली गेलेली. आम्ही दहा मिनिटं टेबल बघितलं. भाषा कळत नव्हती, बोलणारे दिसत नव्हते.

संपल्यावर रीतीप्रमाणे चर्चा झाली. सर म्हणाले, दिग्दर्शकाला त्या टेबलातून बरंच काही सांगायचं होतं. इकबालभाईंना टेबल शिसवी वाटलं. गावडे म्हणाला, त्याला झोप लागली होती, आणि मंडळात त्या दिवशी खरं बोललेला तो एकटाच. काय घडलंय ते मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. तरी आधुनिक माणसाच्या एकटेपणावर सर्वांत जास्त वेळ मीच बोललो.

संध्याकाळी फोनवर दादाला हे सांगितलं. त्याला हसताना धाप लागली, म्हणून वहिनीनं फोन काढून घेतला.

*

तेराव्यानंतरच्या रविवारी आई पावसहून आली. टीव्ही मोठा म्हणून इकबालभाईंच्याच घरी जमायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी जाऊन मी बटणं दाबून सगळं नीट लावून आलो होतो. पेनड्राइव्ह घातला आणि टीव्हीनं आपलं आपणच पुन्हा ओढलं.

दादा वरणाची बादली घेऊन मांडवात आला. आडवा, गोल, गाल कानांपर्यंत गेलेले, सदरा अंगाला तटतटलेला.

पंधरा वर्षांत प्रथमच ते सगळ्यांना दिसलं. मी मागायच्या आत इकबालभाईंनी रिमोट माझ्या हातात दिला. सर हळूच म्हणाले, "ओढलंय हो. नीट करा." गावडे खुर्चीतून अर्धा उठला होता.

आई पुढे बसली होती. पहिले तीन महिने वहिनी तिला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून दादाला दाखवायची. शेवटच्या महिन्यात आईनंच सांगितलं होतं की दाखवू नको, फोन नुसता त्याच्या कानाला लाव.

मी रिमोट टीव्हीकडे धरला.

"असू दे," आई म्हणाली.

"आई, हे खरं नाही. ओढलं गेलंय. एक बटण दाबलं की होता तसा दिसेल."

"नको." तिनं टीव्हीवरून नजर काढली नाही. "भरलाय बघ कसा. गालांवर मांस आलंय."

गावडे पुन्हा खुर्चीत बसला. दादा वाकून वाढत पंगतीच्या टोकापर्यंत गेला आणि बादली भरून परत आला. वीस मिनिटं संपली तेव्हा आईनं पुन्हा लाव म्हटलं. मी पुन्हा लावलं.

चित्र मी नीट केलं नाही.