टेकडीच्या भुंगेऱ्याला बिल्डरचं नाव

अन्याय माझ्या मैत्रिणीवर, मेघनावर झाला. सात वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दुपारी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत. आज पार्लरमध्ये नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला आणि ती दुपार समोर उभी राहिली. नमुन्यासाठी पकडलेले किडे मारायच्या आमच्या बाटलीला अगदी हाच वास यायचा.

वारज्याच्या टेकडीवर तिला अंगावर फोड आणणारा काळा भुंगेरा सापडला होता. मनगटावर टपोरा फोड उठला, तरी तिने त्याच्या मिशा, पाय, नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हापुन्हा पडताळलं. जात नवीच निघाली. मेघनाला त्या जातीला टेकडीचं नाव द्यायचं होतं.

आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "बिल्डरसाहेबांचं नाव द्या. सूक्ष्मदर्शक त्यांनीच दिलाय."

"अहो सर, टेकडी तेच फोडतायत!" मेघना म्हणाली.

"मग तर द्याच. टेकडी राहणार नाही, निदान साहेबांचं नाव राहील."

शेवटी तेच नाव छापून आलं. तेव्हा मला ती सरांची नुसती हांजी हांजी वाटली. आता कळतं, एकदा छापून आलेलं शास्त्रीय नाव असं सहज बदलत नाही. टेकडीच्या मारेकऱ्याचं नाव तिच्याच किड्याला कायमचं चिकटलंय.

मी हे माफ करणार नाही. तुम्ही टेकडीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये फ्लॅट बघायला जाल, तेव्हा विचारा: साहेबांच्या नावाचा भुंगेरा आता कुठे राहतो? उत्तर मिळेपर्यंत टोकन देऊ नका.